मनाला गोळी लागलेला जासूस

या पानावर आम्ही एरवी घरातल्या गोष्टी लिहितो. मुलांच्या शाळा, लग्नातला खर्च, म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी. या महिन्यात मात्र खुनाची गोष्ट आहे. दचकू नका. गोष्ट खुनाची असली तरी वळून वळून ती घरातच येते, आणि आपल्या जिल्ह्यातही येते.

वऱ्हाडातल्या आपल्या घरांमध्ये जासूसी कादंबऱ्या दोन वाटांनी शिरल्या. मराठी शाळेत शिकलेल्यांच्या हातात बाबूराव अर्नाळकर असायचे आणि उर्दू वाचणाऱ्या मामू-चाचांच्या उशाखाली इब्ने सफी. 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून निघू लागली, तेव्हापासून कर्नल फरीदी आणि हमीद ही जोडी घरचीच झाली. मागून इमरान आला. या सगळ्या जासूसांमध्ये एक गोष्ट सारखी असे. ते घाबरत नसत. रात्री गोळीबारातून निसटून आलेला माणूस सकाळी शांतपणे चहा पीत बसे आणि आपल्यालाही त्यात काही वावगे वाटत नसे.

चार्ल्स टॉड या नावाने लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांतला इन्स्पेक्टर इयन रटलेज अगदी उलटा आहे. चार्ल्स टॉड हे एका माणसाचे नाव नाही. अमेरिकेतली आई आणि तिचा मुलगा मिळून या नावाने लिहीत. (मायलेक जोडीने खुनाचे बेत रचतात, हे कुटुंबाच्या मासिकात सांगायला हरकत नसावी.) पहिली कादंबरी 'अ टेस्ट ऑफ विल्स' १९९६ साली आली आणि पुढे या मालिकेची वीसहून अधिक पुस्तके झाली.

काळ १९१९ चा जून. पहिले महायुद्ध संपून सात महिने झालेत. वॉरिकशायरमधल्या एका खेड्यात कर्नल हॅरिस नावाच्या बड्या जमीनदाराचा घोड्यावरून रपेट करताना खून होतो. संशय जातो तो कॅप्टन विल्टनवर. तो विमानदळातला नामांकित वीर, राजघराण्यात ऊठबस असलेला आणि कर्नलच्या घरातल्या मुलीशी लग्न ठरलेला. अशा माणसाला हात लावायची स्थानिक पोलिसांची छाती होत नाही. म्हणून लंडनच्या स्कॉटलंड यार्डाकडून माणूस मागवतात, आणि तिथला वरिष्ठ मुद्दाम रटलेजला पाठवतो. हा तोंडघशी पडावा अशी त्याची इच्छा असते.

रटलेज नुकताच इस्पितळातून आलेला आहे. फ्रान्सच्या आघाडीवर, १९१६ साली सोमच्या लढाईत, त्याच्या हाताखालच्या हमीश मॅकलॉड या स्कॉटिश जवानाने आपल्या माणसांना पुन्हा मरायला नेण्यास नकार दिला होता. हुकूम मोडला म्हणून रटलेजला त्याला गोळ्या घालाव्या लागल्या. त्याच सुमारास तोफेचा गोळा पडला आणि रटलेज स्वतः मातीखाली गाडला गेला. जिवंत निघाला, पण तेव्हापासून हमीश त्याच्या डोक्यात बोलतो. चौकशी करताना बोलतो, गाडी चालवताना मागच्या सीटवरून बोलतो, टोमणे मारतो, कधी कधी धागाही तोच दाखवतो. रटलेजला ठाऊक आहे की हमीश मेला आहे. तरी मान वळवून मागे पाहायची त्याला हिंमत होत नाही. आणि हे कोणाला कळले तर नोकरी जाईल, म्हणून तो ओठ घट्ट मिटून काम करतो.

खून कोणी केला ते आम्ही सांगणार नाही. ज्यांना वाचायचे आहे त्यांचा मजा का घालवा? आम्हाला बोलायचे आहे ते हमीशबद्दल.

हमीश लेखकांनी रचला, पण त्याच्यासारखी माणसे खरी होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्याच ३०६ जवानांना पळून जाणे, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातल्या. त्यातला एक हॅरी फार. पंचवीस वर्षांचा, घरी बायको आणि लहान मुलगी. १९१५ मध्ये तो पाच महिने इस्पितळात होता. हात इतके कापत की घरी पाठवायची पत्रे नर्सला लिहून द्यावी लागत. त्या आजाराला तेव्हा 'शेल शॉक' म्हणू लागले होते, तोफांचा धसका. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्येच त्यावर लेख लिहून हा शब्द वैद्यकात आणला. म्हणजे आजार माहीत होता, नाव माहीत होते, इस्पितळाची नोंद होती. तरीही फारला परत आघाडीवर पाठवले. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने पुढे जायला नकार दिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला आणि १८ ऑक्टोबरला सकाळी गोळ्या घातल्या. डोळ्यांवर पट्टी नको म्हणाला.

पुढची गोष्ट घराची आहे. त्याच्या बायकोचे पेन्शन बंद झाले. नवऱ्याला भित्रा म्हणून मारले, हे ती सांगणार कोणाला? तिने ते पोटात ठेवले. मुलगी गर्टी मोठी झाली, तिचे लग्न झाले, तरी कित्येक वर्षे तिला आपले वडील कसे गेले ते कळले नव्हते. कळले तेव्हा तिने लढा धरला. ब्रिटिश संसदेने २००६ च्या कायद्याने या ३०६ जणांना माफी दिली, तेव्हा गर्टीने नव्वदी ओलांडली होती. नव्वद वर्षे एका घराने लाज वाहिली आणि ती लाज त्यांची नव्हतीच.

आता वाचक म्हणतील, हे सारे गोऱ्यांचे. तसे नाही. त्याच युद्धात आपल्याकडची माणसेही होती. पुण्याची सहावी डिव्हिजन इराकमध्ये कुत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढ्यात सापडली. घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार सैनिक तुर्कांच्या हाती पडले. त्यांत मराठा पलटणी होत्या, १०३ वी, ११० वी, ११७ वी. या पलटणींमध्ये मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या दखनी शिपायाच्या मनाचा विचार करा. समोर खलिफाची फौज, पायाखाली इराकची भूमी, जिचे नाव त्याने लहानपणापासून अदबीने ऐकलेले. हुकूम इंग्रजाचा. पगार घरच्या पोरांसाठी. उपासमार, मग कैद, मग वाळवंटातली पायपीट. जो परत आला, तो रात्री कोणाशी बोलत असेल?

साताऱ्याकडे आणि कोकणात काही गावांत त्या युद्धाचे दगडी फलक अजून आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढेच त्यावर कोरलेले असते. वजाबाकी करून जे उरतात, त्यांचे काय झाले हे फलकाला माहीत नाही.

आजचीही गत तीच आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात जे जवान गेले त्यांत आपल्या जिल्ह्याचे दोन होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. सारा जिल्हा रडला, आणि ते योग्यच होते. पण जो जवान पंधरा-वीस वर्षे नोकरी करून धडधाकट घरी येतो आणि दिवाळीत फटाका वाजला की पलंगाखाली शिरतो, त्याला आपण हसतो. दारू प्यायला लागला तर म्हणतो, पेन्शन अंगात आली. युद्धच लागते असेही नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. जे आठ वाचले, जे मदतीला धावले, ज्या पोलिसांनी त्या कोळशातून माणसे वेगळी केली, त्यांच्यापैकी एखाद्याला बसमध्ये चढताना घाम फुटत असेल, तर तो भित्रा आहे काय? १९८० पासून वैद्यकाने या आजाराला स्वतंत्र नाव दिले आहे आणि त्यावर उपचारही आहेत. नावात काही नाही. भयंकर पाहिलेले मन ते पुन्हा पुन्हा पाहत राहते, इतके समजले तरी पुरे.

कादंबरीत एक पात्र आहे, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे. त्याचे नाव डॅनियल हिकम. तोही युद्धावरून मन फुटून आलेला. गावात दारू पिऊन फिरतो, मध्येच रस्त्यात उभा राहून नसलेल्या सैन्याला हुकूम देतो. पोरे खडे मारतात. आणि खुनाच्या सकाळी कॅप्टन विल्टन आणि कर्नल यांचे भांडण पाहिले असे सांगणारा हाच! झाली का पंचाईत? एका बाजूला राजघराण्याचा दोस्त, दुसऱ्या बाजूला गावचा वेडा. वेड्याच्या शब्दावर वीराला फाशी द्यायची? गाव म्हणते, सोडा हो त्याचे. रटलेजला मात्र ते सोडता येत नाही. हिकमकडे पाहताना त्याला आरसा दिसतो. उद्या आपल्या तोंडून हमीशचे नाव निघाले तर आपलीही साक्ष याच मोलाची होईल, हे त्याला कळते.

या जागी आम्ही पुस्तक खाली ठेवून कायद्याचे पुस्तक उघडले. आपला कायदा गावापेक्षा शहाणा निघाला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ११८ होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १२४ झाले आहे. त्याचा अर्थ असा की मन ठिकाणावर नसलेला माणूस तेवढ्याच कारणाने साक्षीला अपात्र ठरत नाही. विचारलेला प्रश्न त्याला समजत असेल आणि तो समजून उत्तर देऊ शकत असेल, तर त्याची साक्ष ऐकायची. मग ती किती खरी मानायची हे न्यायाधीश ठरवतील. ऐकण्याआधीच हाकलायचे नाही.

आपल्या गावात काय होते? पारावर बसलेल्या 'पागल'ने काही सांगितले तर आपण ऐकतो का? घरातल्या सुनेला बाळंतपणानंतर झोप येत नाही, ती रडते, मला कोणीतरी मारते म्हणते. तिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून सारे गप्प. खरोखर कोणी मारत असेल तर? आजारी माणूसही खरे बोलतो. त्याला मारणे सोपे असते ते याच भरवशावर, की त्याचे कोण ऐकणार.

आणि भीती वाटते तीही चुकीच्या माणसाची. खेड्यातले खून आणि मुंबईहून आलेला अधिकारी, अशी खरी गोष्ट आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात घडली. मानवतला १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि बाया एकापाठोपाठ मारल्या गेल्या. दुष्काळाचे दिवस होते. रमाकांत कुलकर्णी तपासाला गेले. त्यावर त्यांनी लिहिले, आणि २०२४ मध्ये त्यावर मालिकाही आली, अनेकांनी पाहिली असेल. तिथे जे उघड झाले ते गुप्तधन आणि मूल होण्याच्या लालसेने दिलेले बळी होते. ज्यांना न्यायालयाने दोषी ठरवले ते रस्त्यात उभे राहून हुकूम देणारे वेडे नव्हते. चारचौघांत वावरणारी, हिशेब समजणारी माणसे होती.

तर आता सैलानी.

बुलडाणा जिल्ह्यात राहून मनाच्या आजारावर लिहायचे आणि पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचे नाव घ्यायचे नाही, हे लबाडीचे होईल. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, दूरदूरच्या गाड्या लागतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. आणि घरातला 'बिघडलेला' माणूस घेऊन येतात. जिन्नाचा असर, बाहेरची बाधा, करणी. ज्याला जो शब्द सापडतो तो.

तिथे जाणाऱ्यांना हसणाऱ्यांपैकी आम्ही नाही. मनोरुग्णालये राज्यात चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. बुलडाण्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन दोन दिवसांची मजुरी बुडते, सोबत दोन माणसे लागतात. दर्ग्यात नंबर लावावा लागत नाही, जात-धर्म कोणी विचारत नाही, आणि आजारी माणूस ओरडला तर बाजूचा माणूस तोंड फिरवत नाही, कारण त्याचाही कोणी तिथे बसलेला असतो. घरात कोंडलेल्या आईला तिथे पहिल्यांदा दुसरी तशीच आई भेटते. हा दिलासा खोटा नाही.

खोटे आहे ते त्यानंतरचे. साखळी, कुलूप, मार. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. ते पळू शकले नाहीत कारण त्यांना साखळ्यांनी बांधले होते. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला सांगितले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या जिल्ह्याला हे कळायला हवे.

आपल्या समाजात या विषयावर जलसा झाला की बिमारिस्तानांची आठवण निघते. दमास्कसला नूरुद्दीनचे ११५४ चे, कैरोला कलावूनचे १२८४ चे, एदिर्नेला बायजीद दुसऱ्याचे १४८८ चे. तिथे मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती, एदिर्नेला तर पाण्याचा आवाज आणि संगीत ऐकवत. सारे खरे आहे आणि अभिमान वाटावा असेच आहे. शरीअतनेही ज्याची अक्कल जागेवर नाही त्याला नमाज-रोजाच्या जबाबदारीतून मोकळे केले. पण जलसा संपवून घरी आल्यावर मागच्या खोलीचे कुलूप तसेच असेल, तर कलावूनच्या नावाचा त्या खोलीतल्या माणसाला काय उपयोग?

वाट निघू शकते. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे, सैलानीसारखाच, मनाच्या आजारासाठी प्रसिद्ध. तिथे २००८ च्या सुमाराला एक संस्था, राज्याचे आरोग्य खाते आणि दर्ग्याचे मुजावर एकत्र बसले आणि 'दवा-दुआ' नावाचे काम सुरू झाले. मुजावर दुआ करतात आणि मग स्वतःच सांगतात, आता बाजूच्या खोलीत डॉक्टरला भेटून ये. ज्याचा शब्द घरचे मानतात त्याच्याच तोंडून डॉक्टरचे नाव निघाले की अर्धी लढाई सरली. सैलानीला येणाऱ्या प्रत्येक घराला हे मिळावे असे आम्हाला वाटते, आणि ते मागायला आमदार-खासदारांकडेच जायला हवे असे नाही. मुजावरांशी आणि जिल्हा रुग्णालयाशी एक-दोन जाणत्यांनी बोलले तरी सुरुवात होते.

इब्ने सफींचे नाव वर आले, त्यांची एक गोष्ट सांगायची राहिली. लाखो घरांना न घाबरणारे जासूस देणारा हा लेखक १९६० मध्ये स्वतः आजारी पडला. आजार स्किझोफ्रेनियाचा. कराचीच्या इस्पितळात मनोरुग्णांच्या विभागात राहिले. तीन वर्षे एक कादंबरी नाही. बाजारात त्यांच्या नावाने नकली पुस्तके येऊ लागली. घरच्यांनी हात सोडला नाही, एका हकीमांचे उपचार लागू पडले, घरात दुआ चालूच होती. १९६३ मध्ये ते उठले आणि इमरानची नवी कादंबरी लिहिली, 'डेढ मतवाले'. भारतात तिचे प्रकाशन झाले ते लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. मग १९८० मध्ये इंतकाल होईपर्यंत लिहीत राहिले. आपल्या मामू-चाचांनी उशाखाली ठेवलेली कितीतरी पुस्तके या आजारातून उठलेल्या माणसाने लिहिलेली होती. त्यांना ते माहीत नसेल. माहीत असते तर घरातल्या एखाद्याला ते वेगळ्या नजरेने बघू शकले असते.

होळीला सैलानीला जाणार असाल तर जा. सोबत आधीची औषधाची चिठ्ठी असेल तर ती न्या आणि चालू गोळ्या बंद करून जाऊ नका. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून ठेवा. शेतकरी कुटुंबांसाठी राज्याचा 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत आहे, आशाताईंना त्याबद्दल विचारा. घरातून बाहेर पडणे जमत नसेल तर १४४१६ या नंबरावर फोन लावा. हा सरकारचा टेली मानस आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. बोलायला आजारी माणूस तयार नसेल तर घरच्यांनी बोलले तरी चालते.

आणि गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत गुंगी येते, तोंड कोरडे पडते, माणूस दिवसा झोपतो. अशा वेळी घरात हमखास कोणीतरी म्हणते, बघा, डॉक्टरने आणखी बिघडवला. तिथेच बहुतेक उपचार सुटतात. गोळी बंद करू नका. डॉक्टरला सांगा, मात्रा कमी-जास्त करून घ्या, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे आजीलाही समजावून ठेवा, कारण बहुतेक घरांत शेवटचा शब्द तिचाच असतो.